ताईचा विसरभोळा स्टिरिओ

मी गाडी शिकवतो. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना मी गाडी चालवायला शिकवलंय आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांच्यापासून जपून चालायला. माझी शिकवायची गाडी जुनी आहे. किती जुनी? तर दुरुस्तीला नेली की गॅरेजवाला आधी तिला वाकून नमस्कार करतो आणि मग पाना उचलतो.

एकोणीस वर्षांपूर्वी ती घेतली तेव्हा तिच्या टेपमध्ये एक कॅसेट अडकलेली होती. बटणं दाबली, चिमट्याने ओढली, बायकोने केसांतला आकडासुद्धा घालून पाहिला. कॅसेट जागची हलेना. म्हटलं, राहू दे बिचारी, आपल्याकडे जेवायला थोडीच मागतेय. गाडी सुरू केली की ती वाजायची, गाडी बंद पडली की थांबायची, आणि पुन्हा सुरू केली की जिथं थांबली होती तिथून पुढे. गायक कोण, वादक कोण, देव जाणे. आधी नुसता ढोल. मग बासरी. मग व्हायोलिन. मग सगळे एकदम, अख्खा ताफा. आणि अगदी शेवटी वाजवणाऱ्यांपैकी कुणीतरी खोकायचं. साधंसुधं नव्हे, छातीच्या तळघरातून वर आलेलं खोकणं. ते झालं की पुन्हा ढोल.

आता मास्तर म्हटलं की त्याची एक पद्धत हवी. माझी पद्धत या कॅसेटने घालून दिली. ढोलावर पहिला गिअर, बासरीवर दुसरा, व्हायोलिनवर तिसरा, सगळे एकदम आले की चौथा, आणि खोकला आला की ब्रेक. विद्यार्थी आठ-दहा दिवसांत गाणं सोडून द्यायचे आणि इंजिनाचं ऐकायला लागायचे. खोकला मात्र कुणाच्याच अंगातून गेला नाही. एकदा एका सभेत भाषण करणारे गृहस्थ जोरात खोकले, तर पहिल्या रांगेतले सात उजवे पाय एकदम पुढे आले. सातही माझे विद्यार्थी. खोटं वाटत असेल तर आठव्याला विचारा, त्याच्या पायावर पाय पडला होता.

या पद्धतीला एकच माणूस पुरून उरलं, ती माझी थोरली बहीण.

ताई शिलाई मशीन दुरुस्त करते. चाळीस वर्षं झाली. ज्यांची मशीन अडते त्यांच्या घरी जाते, जमलं तर तिथंच बसवते, नाही जमलं तर मशीनचं वरचं मुंडकं कडेवर घेऊन आपल्या दुकानात आणते. ते मुंडकं म्हणजे ओतीव लोखंड. ताईचे गुडघे कुरकुरायला लागले, मग भांडायला लागले, तेव्हा तिने एक जुनी छोटी व्हॅन घेतली. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी माझ्याकडे गाडी शिकायला बसली आणि पाच वेळा परीक्षेत नापास झाली. पाचही वेळा एकाच जागी, एकाच कारणाने. परीक्षेच्या मैदानात मातीचा एक चढ आहे. त्यावर गाडी बंद पडायची, आणि एकदा बंद पडली की कितीही किल्ली फिरवा, ती दोन हात उडी मारायची आणि पुन्हा बंद.

व्हॅन वर्षभर तिच्या दारात चादरीखाली उभी होती. दूधवाला दोनदा येऊन टायरला लाथ मारून गेला होता. विकत घ्यायच्या आधी लोक तशीच मारतात.

"धाकट्या," ताई म्हणाली (पासष्टीचा झालो तरी मी धाकट्याच), "शिकाऊ परवाना संपत आलाय. या शुक्रवारी शेवटचं. नापास झाले तर शनिवारी व्हॅन दूधवाल्याची, आणि रविवारी दुकानाला कुलूप. गुडघ्यांनी राजीनामा आधीच दिलाय."

"असं काय बोलतेस ताई? पास होशील की."

"हे तू पाच वेळा म्हणालायस. सहाव्यांदा काहीतरी नवीन म्हण."

हे झालं सोमवारी सकाळी, गाडीत बसता बसता. आणि गाडी सुरू केली तर टेपने अखेरचा श्वास घेतला. आधी व्हायोलिन रडलं, मग जादूगाराच्या तोंडातून रुमाल निघावेत तशी डॅशबोर्डातून तपकिरी फीत बाहेर यायला लागली. मी हाताने आत ढकलतोय, ती दुप्पट बाहेर येतेय.

"हात काढ!" ताई ओरडली. पिशवीतून तिचा बारका पेचकस काढला, चार स्क्रू सोडवले, टेप बाहेर. एकोणीस वर्षं जे कुणाला जमलं नाही ते तिने सात मिनिटांत केलं. फीत हळूहळू सोडवून बॉबिनवर गुंडाळली, घरी नेऊन दुसऱ्या कॅसेटच्या डबीत भरली. तुटली नाही, मुरगळली नाही. डॅशबोर्डात राहिलं एक चौकोनी भगदाड.

"आता गाण्याशिवाय शिकव," ती म्हणाली. मंगळवारी प्रयत्न केला. गाण्याशिवाय ताईने गाडी एकदाच हलवली, तीही मागे.

म्हणून बुधवारी आम्ही दोघं दणदणच्या दुकानात.

दणदण हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण त्याची आईसुद्धा आता त्याला तेच म्हणते. गाड्यांत स्टिरिओ बसवतो. त्याच्या दुकानावरून गेलं की खिशातली चिल्लर नाचते आणि कवळी बसवलेली माणसं तोंडावर हात धरतात.

"मास्तर, कॅसेट आता कोण वाजवतं?" तो म्हणाला. "गाण्याची फाइल करायची, पेनड्राइव्हवर घालायची, स्टिरिओच्या भोकात खुपसायची. झालं. हजार गाणी बसतात."

"मला एकच पुरे," ताई म्हणाली.

त्याच्या आतल्या खोलीत एक जुना टेप होता. तो संगणकाला जोडून त्याने कॅसेट वाजवली. आमचा चहा होईतो फाइल तयार. नखाएवढा पेनड्राइव्ह हातात देत म्हणाला, "सगळी खरखर काढून टाकली हं ताई. अगदी काचेसारखं स्वच्छ. शेवटी कुणीतरी मेलं खोकत होतं, तेही पुसलं."

ताई स्टुलावरून उठली. "काय पुसलंस?"

"खोकला."

"अरे, माझा ब्रेक पुसलास तू!"

दणदणला काही कळेना. मी समजावून सांगितलं, तरी कळेना. पण ताईच्या हातात पेचकस होता, त्यामुळे त्याने न कळताच खोकला परत घातला.

मग निवड. दणदणकडे एक फळी होती, तिला बॅटरी आणि गाडीची किल्ली लावलेली. त्यावर स्टिरिओ बसवून दाखवायचा. किल्ली फिरवली की चालू, काढली की बंद, अगदी गाडीसारखं. ताई फळीसमोर बसली, रंगाचे दोन डबे क्लच आणि ब्रेक म्हणून पायाखाली घेतले, एक छत्री गिअर म्हणून धरली. रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबून बघायला लागले.

पहिला स्टिरिओ मोठ्ठ्या पडद्याचा, दिव्यांची नुसती आरास. "मोबाइलला जोडता येतो, फोन आला की गाणं थांबवतो," दणदण म्हणाला.

"आणि मी चढावर असताना तुझ्या बायकोचा फोन आला तर?" ताईने विचारलं.

"तर चढ उतरेपर्यंत फोन चालू राहील," मी म्हणालो. तो बाद.

दुसरा पाहून मी हरखलो. "मास्तर, ह्याची खासियत म्हणजे स्मरणशक्ती," दणदण म्हणाला. "गाडी बंद करा, चार दिवसांनी सुरू करा, गाणं जिथं सोडलं तिथूनच पुढे." अगदी माझ्या जुन्या टेपसारखं! मी लगेच म्हणालो, "हाच. बांध."

"थांब," ताई म्हणाली. तिने किल्ली फिरवली. ढोल वाजला, छत्री पहिल्यात. बासरी, दुसऱ्यात. व्हायोलिन आलं, तिसऱ्यात. मग तिने किल्ली काढली. "समज, गाडी बंद पडली." पुन्हा किल्ली फिरवली. स्टिरिओने इमानाने व्हायोलिनच धरलं. ताईचा हात आपोआप तिसऱ्यात गेला आणि तिथंच थांबला.

व्हायोलिन वाजतच होतं.

"धाकट्या," ती हळूच म्हणाली, "गाडी बंद पडली की पुन्हा कितव्या गिअरमध्ये सुरू करायची?"

"पहिल्या."

"मग हे व्हायोलिन का वाजवतंय?"

मी छताकडे बघितलं. छत चांगलं होतं, नवीनच रंगवलेलं.

"पाच वेळा," ताई म्हणाली. "पाच वेळा मी चढावर व्हायोलिन ऐकून तिसरा टाकला. गाडी उडी मारणार नाही तर काय करणार? आणि तू मागच्या सीटवर बसून म्हणायचास, ताई, क्लच हळू सोड!"

"बाकीच्यांचं असं झालं नाही," मी पुटपुटलो.

"बाकीचे तुझं ऐकत नव्हते. मी ऐकत होते, ही माझी चूक." वाकडी सुई बघावी तसं तिने माझ्याकडे बघितलं. मग दणदणकडे वळली. "विसरणारा आहे का एखादा?"

"म्हणजे?"

"बंद पडला की मागचं सगळं विसरणारा. पहिल्यापासून सुरू करणारा."

दणदणने कपाळाला हात लावला. गिऱ्हाइकाने असं मागायची ही पहिलीच वेळ. फळीच्या मागून त्याने धुळीचा एक खोका काढला. आत बोटभर उंचीचा काळा स्टिरिओ. पडदा नाही, दिवे नाहीत, पुढे एक भोक आणि एक गोल बटण. "हा परत आलाय तीन वेळा," तो ओशाळून म्हणाला. "ह्याला काही लक्षातच राहत नाही. माझ्या सासऱ्यांसारखा आहे."

ताईने किल्ली फिरवली, काढली, फिरवली. ढोल. पुन्हा काढली, फिरवली. ढोल. दहा वेळा केलं, दहाही वेळा ढोल आणि दहाही वेळा छत्री पहिल्यात.

"बांध," ताई म्हणाली. "ह्याच्यासारखा शहाणा ह्या दुकानात दुसरा कुणी नाही." हे बोलताना तिने माझ्याकडे बघायची काहीच गरज नव्हती.

बुधवारी संध्याकाळी आणि गुरुवारी दिवसभर ताईने गाडी मुद्दाम बंद पाडली. मोजून दोनशे वेळा. ढोल, पहिला, निघाली. ढोल, पहिला, निघाली. त्या रस्त्यावरच्या एका म्हातारबाबांनी मला विचारलं, "मिरवणूक कुठंवर आलीय?"

शुक्रवार उजाडला. परीक्षा घ्यायला साहेब आले. पोक्त, मिशा कातरलेले, हातात फळी आणि कागद. ताईच्या शेजारी बसले, मी मागे. ताईने किल्ली फिरवली, ढोल वाजला, आणि साहेबांनी हात पुढे करून बटण बंद केलं. (जुना टेप कुठल्याच बटणाला दाद देत नसे, म्हणून आधी पाचही वेळा तो वाजत राहिला होता.) "परीक्षेत गाणी नाहीत."

आरशात ताईचं तोंड दिसत होतं, चुन्यासारखं पांढरं. तरी निघाली. दुसरा गिअर उशिरा पडला, तिसरा त्याहून उशिरा. चढ आला. निम्म्यावर गाडी धापा टाकायला लागली, आणि बंद.

त्या मैदानात एक चिमणी होती, तिचं शिंकणंसुद्धा मला ऐकू आलं.

ताईने हँडब्रेक ओढला. किल्ली फिरवली. आणि बारीक आवाजात, ओठांतल्या ओठांत म्हणाली, "ढुम्. ढुम्. ढुम्‌ढुम्."

"काय म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब. पहिल्यापासून."

पहिला गिअर पडला, हँडब्रेक सुटला, आणि माझी म्हातारी गाडी ताईच्या ढोलावर चढ चढून वर गेली! वर गेल्यावर ताई बासरीची शीळ घालत होती, सपाटीवर नाकातून व्हायोलिन, आणि पुढे सगळे एकदम. साहेब म्हणाले, "त्या पांढऱ्या रेषेवर थांबवा."

इथं पंचाईत झाली. शीळ घालून घालून ताईचा घसा कोरडा पडला होता. खोकला येईना. रेषा जवळ आली. आणि तेवढ्यात शेजारून आवाज आला: छातीच्या तळघरातून, खरखरीत, एकदाच.

साहेब खोकले होते. गाडी रेषेवर उभी.

"तो खोकायच्या आधीच माझा पाय ब्रेकवर होता," असं ताई आजही शपथेवर सांगते. असेलही.

मी साहेबांना बाजूला घेतलं. "साहेब, प्रकृती बरी आहे ना?"

त्यांनी कागदावर 'पास' लिहिलं, सही केली, आणि खाली मान घालूनच म्हणाले, "मास्तर, अकरा वर्षं झाली तुमच्याकडे शिकून. तुम्ही विसरलात, माझा पाय नाही विसरला. ती रेषा आली की मला गाडीत खोकावंच लागतं."

शनिवारी सकाळी दूधवाला तिसरी लाथ मारायला आला, तर टायर जागेवर नव्हता आणि व्हॅनही नव्हती. ताई तीन मुंडकी पोचवून चौथं आणायला गेली होती, ढोल वाजवत. तो ढोल ऐकून मी माझ्या गाडीकडे धावलो. डॅशबोर्डात पुन्हा भगदाड, आणि सीटवर चार स्क्रू नीट मांडून ठेवलेले.

मी दणदणकडे गेलो. "तसाच एक दे."

"तसा नाही आता मास्तर. विसरणारं यंत्र कोण बनवणार? स्मरणशक्तीवाला देऊ?"

नको म्हटलं. त्यापेक्षा आता मीच वाजवतो. ढोल तोंडाने जमतो, बासरी शिळेवर निभावते, व्हायोलिनला विद्यार्थी हसतात. शेवट मात्र माझा कॅसेटपेक्षा सरस होतो. बायकोने परवा खोकल्याचं औषध आणून उशाशी ठेवलंय. मी काही ते घेत नाही. अहो, पुढच्या आठवड्यात दोघांची परीक्षा आहे.