पाच माणसांच्या दहा जोड्या

पलंगाखाली सापडलेली काळ्या मण्यांची मनगटी... एवढीशी, त्याच्या दोन बोटांवर मावणारी. म्हणजे शीळफाट्याच्या त्या हेमाला मूल झालं, ते घेऊन ती कोलशेतच्या या घरात येऊन गेली, आणि तिच्या बापाला, परशुरामला, पत्ता नाही! शहाऐंशी साली ती जातीबाहेर लग्न करून गेली तेव्हा त्याने सगळ्यांना बजावलं होतं – तिच्याशी जो बोलेल तो मला मेला. मग फितूर कोण?

"मी नाव नाही घेणार," मनुबाई म्हणाली. "एकवीरेची आण घातलीय मला."

"कोणी घातली?"

"तेच तर नाव."

बायकोने आण घ्यायची, तीही नवऱ्याविरुद्ध! पण परशुराम कंपनीतला वायरमन. मॅट्रिक नापास, तरी बंद पॅनेलमधली कुठली तार कुठे जोडलीय ते झाकण न उघडता काढणारा. रद्दीतल्या एका मासिकात त्याने हेच कोडं वाचलं होतं – ठिपके दिसतात, रेषा दिसत नाहीत. काही ठिपके निवडायचे, त्यांच्यात रेषा किती एवढंच विचारायचं, मग गट अर्धा करून पुन्हा... थोडक्या प्रश्नांत सगळं जाळं उघडं. आकड्याने आण थोडीच मोडते?

"नावं मी घेतो. आई, तू, आपला पोरगा तानाजी, त्याची बायको रतन, आणि ती हेमा. पाच जण. एकमेकांशी मनातलं बोलणाऱ्या जोड्या किती?"

मनुबाईने बोटांवर मोजलं. "दहा."

पाच माणसांत जोड्याच मुळी दहा होतात – म्हणजे हेमाशी सगळेच बोलतात. अर्धा करायला गटच उरला नाही...

"आता मला धर. सहा." माणूस वाढलं की पाच जोड्या वाढतात, पाच नकोत, आई तरी असेल, निदान ही – अकरा म्हण, अकरा...

"दहाच."

"नीट मोज गं."

"दोनदा मोजलं, अहो."

"मग आत्ता आपण बोलतोय ते काय?"

"तुम्ही विचारताय. मी आकडा सांगतेय." ती मोरीत भांडी घासायला गेली.

पकडायला निघालो तर अख्खं घर सापडलं, आणि ते माझ्यावाचून पुरं होतं. शिवी द्यायची तरी कोणाला? तीस वर्षं मी हिच्याशी काय बोललो? चहा आण. किल्ली कुठाय. कोण आलेलं... एक वाक्य हवं होतं, हुकूम नसलेलं, विचारणं नसलेलं. ते शोधत तो मोरीच्या दाराशी गेला.

"जेवलीस का?"

घासणं थांबलं. हाही प्रश्नच – बोलून गेल्यावर त्याला कळलं, आणि तिच्या उत्तराची त्याला पहिल्यांदाच भीती वाटली.