टाकीचं शुद्धिपत्र

सभागृहात मंत्र्यांच्या बाकांसमोर, एक पायरी खाली, छोटं टेबल होतं. तिथे बसून बाई बावीस वर्षं लोकांचं बोलणं उतरवून घेत होत्या. हुद्दा प्रतिवेदक. जो जे बोलेल ते लघुलिपीत टिपायचं, खोलीत जाऊन टंकायचं आणि ज्याचं त्याला वाचायला पाठवायचं. बोलणाऱ्याने तीन दिवसांत किरकोळ दुरुस्त्या करून परत द्यायचं, अर्थ बदलायचा नाही. तीन दिवसांत काही आलं नाही तर आहे तसं छापायला जायचं. या नियमाने बावीस वर्षांत कोणाचंही काही बिघडलं नव्हतं, कारण छापलेलं कोणी वाचत नसे.

बाईंनी सगळं लिहिलं होतं. आश्वासनं, शपथा, शेर, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार. घोरणंसुद्धा, फक्त ते नियमाप्रमाणे कंसात 'व्यत्यय' म्हणून. 'मागच्या सरकारचं पाप' आणि 'माझ्या बोलण्याचा विपर्यास' या दोन वाक्यांसाठी तर त्यांनी एकेका फटकाऱ्याची खूण बनवून ठेवली होती, इतकी ती रोज लागत. 'माझी चूक झाली' यासाठी खूण नव्हती. कधी गरजच पडली नव्हती.

बाईंचा धाकटा भाऊ पाणीपुरवठा खात्यात उपअभियंता होता आणि आठ महिने निलंबित होता. झालं होतं ते असं. टेकडीवरच्या वस्तीसाठी पाण्याची टाकी बांधायची होती. टाकी माथ्यावर हवी, हे कोणालाही कळतं, पाणीमंत्र्यांनाही कळत असावं. पण माथा हमरस्त्यापासून लांब होता, आणि मंत्र्यांना टाकीवर आपलं नाव माणसाच्या उंचीच्या अक्षरांत हवं होतं. म्हणून टाकी पायथ्याशी, रस्त्याच्या कडेला उभी राहिली. फीत कापली, भाषणं झाली, पाणी सोडलं, आणि पाणी काही टेकडी चढेना. वस्तीतल्या बायका आजही हंडे घेऊन खाली उतरतात. नाव मात्र लांबून स्पष्ट वाचता येतं.

आता खापर फोडायला कोणाचं तरी डोकं हवं होतं. भावाने काम सुरू होण्याआधीच लेखी टिपणी दिली होती, की या जागेवरून पाणी वर जाणार नाही, टाकी माथ्यावरच बांधावी. खातं म्हणालं, अशी टिपणी आलीच नाही. त्याने शिक्का मारलेली प्रत दाखवली. खातं म्हणालं, प्रत बनावट आहे. म्हणजे चुकीच्या जागी टाकी बांधल्याबद्दल घरी कोण बसला, तर ती जागा नको म्हणणारा. दोन-तीन महिन्यांत चौकशीचा निकाल लागायचा होता, आणि तो विरुद्ध गेला असता तर नोकरी कायमची गेली असती.

बसून बसून भावाचे हात शिवशिवत. तो रोज दुपारी बहिणीकडे येई आणि विचारी, "ताई, काही गळतंय का?" आठ महिन्यांत बाईंच्या अख्ख्या इमारतीत गळका नळ उरला नव्हता.

अशात एक दिवस सभागृहात पाणी खात्याची चर्चा निघाली. दुपारची वेळ, निम्मी बाकं पेंगत होती. पत्रकारांचा सज्जा रिकामा, कारण पाणी खात्यानेच त्यांना जेवायला नेलं होतं. विरोधी नेते उठले. तहानलेल्या वस्तीबद्दल त्यांना फारसं बोलायचं नव्हतं, त्यांना मंत्र्यांची खोडी काढायची होती.

"मंत्रिमहोदयांचं खात्यात कोणी ऐकतं का?" ते म्हणाले. "टाकीची जागा म्हणे एका उपअभियंत्याने परस्पर ठरवली. हे मंत्री आहेत की खात्यात आलेले पाहुणे?"

हशा झाला. पाणीमंत्र्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"कोण म्हणतं परस्पर?" ते ताडकन उठून म्हणाले. "जागा मी ठरवली. तो उपअभियंता नको नको म्हणत कागद नाचवत होता. मी म्हटलं, गप्प बस, टाकी इथेच होणार. माझ्या खात्यात माझ्या शब्दाशिवाय पान हलत नाही."

त्यांच्या बाजूने बाकं वाजली. बाईंची पेन्सिल चालतच राहिली. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. बावीस वर्षांत कधी ऐकायला मिळेल असं वाटलंही नव्हतं ती कबुली समोर आली होती, आणि तीसुद्धा पश्चात्तापाने नाही, फुशारकीने. संध्याकाळी त्यांनी मजकूर टंकून मंत्र्यांकडे पाठवला. मंत्र्यांच्या स्वीय सहायकाने तो इतर गठ्ठ्यांवर ठेवला. तीन दिवस गेले. मजकूर छापला गेला, बांधला गेला आणि चाळीस ग्रंथालयांत पोचला. भावाच्या सुनावणीत ते पान पुढे करायचं बाईंनी मनाशी ठरवलं.

पुढे मंत्र्यांच्या वाढदिवसासाठी 'निवडक भाषणे' काढायचं ठरलं नसतं, तर तोवर त्याला कोणी हातही लावला नसता. निवड करायला बसलेल्या स्वीय सहायकाने ते पान वाचलं आणि त्याचं धाबं दणाणलं.

दुसऱ्याच दिवशी बाईंना मुख्य प्रतिवेदकांच्या खोलीत बोलावणं आलं. मुख्य प्रतिवेदक निवृत्तीला दोन महिने राहिलेले, सुखाने घरी जाऊ द्या एवढंच देवाकडे मागणारे गृहस्थ. त्यांची खुर्ची पुढे बाईंनाच मिळायची होती. कोचावर पाणीमंत्री बसले होते आणि त्यांच्या शेजारी, अगदी मांडीला मांडी लावून, विरोधी नेते. बाईंना वाटलं आपण खोली चुकलो.

"बाई, हे मी बोललोच नाही," मंत्री म्हणाले.

"साहेब, माझ्या वहीत आहे."

"वहीतल्या रेघोट्या वाचतं कोण?"

"ध्वनिमुद्रणही असेल."

मुख्य प्रतिवेदक खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते यंत्र देखभालीला पाठवलंय."

"कधी?"

"आज सकाळी. मुद्रणासकट."

बाई विरोधी नेत्यांकडे वळल्या. "साहेब, तुम्हीच तर प्रश्न विचारला होता."

"विचारला," ते म्हणाले. "उत्तर कोण ऐकतं?" मग आवाज मऊ करून त्यांनी समजावलं, "हे बघा, आज यांचं एक वाक्य पुस्तकात सापडलं, की उद्या लोक सगळीच पुस्तकं उघडून बसतील. मीही सहा वर्षं त्या बाकावर होतो. पुन्हा बसायचंय मला."

मागणी सरळ होती. बाईंनी शुद्धिपत्र काढायचं, म्हणजे छापलेलं वाक्य रद्द करून त्याऐवजी दुसरं वाचावं असं जाहीर करायचं, आणि खाली 'माझ्या नजरचुकीने' असं लिहून सही करायची.

"आणि नाही केली तर?"

"तो उपअभियंता तुमचा सख्खा भाऊ ना?" मंत्री हसून म्हणाले. "बहिणीने भावासाठी वाक्य घुसवलं, असं आम्ही म्हणू. आम्ही दोघं मिळून म्हणू. मग बसा बहीण-भाऊ घरी."

उद्या दुपारपर्यंत मुदत मिळाली. बाई घरी आल्या तेव्हा भाऊ ओट्याखाली डोकं घालून धडधाकट पाइप उगाच आवळत होता. त्यांनी तिथेच जमिनीवर बसून सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

"तू नको लिहूस ताई," भाऊ आतूनच म्हणाला. "न केलेली चूक का मान्य करायची?"

"मग तुझं काय? वाक्य मी घुसवलं म्हटल्यावर ते पुराव्याला कोण घेणार?"

भाऊ बाहेर आला. हात पुसत म्हणाला, "मंत्र्याने कबूल नाही केलं तरी चालेल गं. माझी टिपणी फायलीत आहे, एवढं एक सिद्ध झालं तरी मी सुटलो. ती वाचली की पुढचं कोणाला सांगावं लागणार नाही."

बाई डोळे पुसून उठल्या आणि टंकायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शुद्धिपत्र मंत्र्यांपुढे ठेवलं. नियमाप्रमाणे दोन रकाने. 'छापलेले' या रकान्यात मंत्र्यांची फुशारकी, जशीच्या तशी. 'वाचावे' या रकान्यात: 'उपअभियंत्याने दिलेली लेखी टिपणी मी स्वतः वाचली आणि त्यानंतरच टाकीची जागा निश्चित करण्यात आली.'

मंत्र्यांनी दोनदा वाचलं. चेहरा खुलला. "म्हणजे मी अभ्यास करून निर्णय घेतला, आणि भानगड असलीच तर त्या टिपणीत. वा. बाई, तुम्ही आमची भाषणं लिहायला का येत नाही?"

"'लेखी' हा शब्द राहू द्या," विरोधी नेते म्हणाले. "वजन येतं."

मुख्य प्रतिवेदकांनी कागद जवळ ओढला, बराच वेळ पाहिला, आणि बाईंकडे न बघता म्हणाले, "टिपणीचा दिनांकही घालू या. नियमाला धरून होईल."

बाईंनी दिनांक तोंडपाठ सांगितला. मंत्र्यांनी सही केली, विरोधी नेत्यांनी साक्षीदार म्हणून केली. शेवटी 'माझ्या नजरचुकीने' या शब्दांखाली बाईंनी केली. बावीस वर्षांत त्यांनी एक अक्षर चुकवलं नव्हतं.

शुद्धिपत्र सगळ्या कार्यालयांत गेलं, चौकशी अधिकाऱ्याच्या टेबलावरही गेलं. त्याने खात्याकडे टिपणी मागितली. खातं म्हणालं, टिपणी नाहीच. अधिकारी म्हणाला, मंत्र्यांनी स्वतः वाचलीय, दिनांकासह, सही आहे. आता मंत्री खोटं बोलतात असं लिहून द्यायला खात्यात कोणी तयार होईना. दोन दिवसांनी टिपणी कपाटामागे सापडली. भावाच्या प्रतीशी शब्दन् शब्द जुळली. महिन्याभरात भाऊ कामावर रुजू झाला.

चूक मात्र कोणाचीच निघाली नाही. मंत्र्यांनी पत्रकारांना सांगितलं की उपअभियंता निर्दोष आहे हे ते पहिल्यापासून म्हणत होते. पायथ्याची टाकी हा योजनेचा पहिला टप्पा ठरला, आणि माथ्यावर दुसरी मंजूर झाली. तिच्यावर नाव आणखी मोठं येणार होतं, कारण ती रस्त्यापासून लांब होती. बाईंच्या सेवापुस्तकात 'नजरचूक मान्य, ठपका' अशी नोंद पडली आणि मुख्य प्रतिवेदकांची खुर्ची दुसऱ्याला गेली. भाऊ त्या दिवशी कामावर परतल्याचे पेढे घेऊन आला, पण दोघांनीही पुडा उघडला नाही.

पुढच्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पाणीमंत्री बोलायला उभे राहिले. या वेळी पत्रकारांचा सज्जा भरलेला होता.

"चूक मान्य करायला मोठं मन लागतं," ते म्हणाले आणि हात खाली, बाईंच्या टेबलाकडे केला. "या समोर बसलेल्या बाईंकडून आपण शिकलं पाहिजे. चुका आपल्या सगळ्यांकडून होतात. पण त्यांनी सरळ सही करून कबूल केलं. सार्वजनिक जीवनात हा प्रामाणिकपणा आज दुर्मिळ झालाय."

विरोधी नेत्यांनी पहिली टाळी वाजवली. बाईंनी मान वर केली नाही. जे ऐकलं ते टिपलं, आणि शेवटी कंसात लिहिलं: 'दोन्ही बाजूंनी टाळ्या.'

या खेपेला मजकूर परत यायला तीन दिवस लागले नाहीत, तासाभरात आला. मंत्र्यांनी भाषण अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं आणि एकच शब्द लाल शाईने खोडला होता. 'चुका आपल्या सगळ्यांकडून होतात' यातला 'आपल्या'.

बाईंनी समासात 'किरकोळ दुरुस्ती' असं लिहिलं आणि कागद छापायला पाठवला.