स्वच्छ कपड्यांची साक्ष

"कपडे स्वच्छच असायचे," हेक्टर पुन्हा म्हणाला. "आत येण्याआधी मी ते झटकून यायचो."

वकीलबाईंनी लिहिणं थांबवलं. इश्बेल लोगन त्यांचं नाव. ग्लासगोहून आल्या होत्या आणि त्यांचा चहा केव्हाच निवला होता. समोर आरामखुर्चीत त्याची बायको एफी गुडघ्यांवर शाल घेऊन बसली होती, हातात जपमाळ. सकाळची प्रार्थना धाप लागून अर्ध्यावर राहिली होती, ती आता मनातल्या मनात पुरी करत होती.

हेक्टरची उमेदीची वर्षं क्लाइड नदीकाठच्या गोदीत गेली. जहाजांच्या वाफेच्या नळांना अ‍ॅस्बेस्टॉसचं लिंपण करायचं, हे त्याचं काम. त्याला काही झालं नाही. त्या धुळीने होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग झाला तो एफीला. तिने गोदीत कधी पाऊलही टाकलं नव्हतं. ती फक्त त्याचे कपडे धूत असे.

अशा बायकांचे दावेही आता न्यायालयं ऐकून घेतात, असं वकीलबाईंनी समजावलं होतं. पण धूळ घरात कशी आली, ते सांगणारा साक्षीदार हवा. बरोबरीचे कामगार केव्हाच गेले, हेक्टर तेवढा उरला होता. त्यानेच धूळ नव्हती म्हटलं, तर गोदीची कंपनी म्हणणार, बाईंना हा आजार दुसरीकडून कुठून तरी जडला असेल.

एफीची इच्छा एवढीच होती की, चूक आमची, असं कंपनीने म्हणावं. आणि ते ऐकायला आपण असावं.

वकीलबाईंनी हलकेच विचारलं, गोदीत कपडे बदलायला जागा होती का, अंघोळीची सोय होती का. हेक्टर खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, झटकल्यावर अंघोळीची गरजच काय.

एफीला धुण्याचे दिवस आठवत होते. मागच्या अंगणात एकाच जिन्यावर राहणाऱ्या सगळ्या बायका जमायच्या आणि नवऱ्यांचे कपडे भिंतीवर आपटायच्या. धूळ उडायची, त्यातच गप्पा, त्यातच हसणं. वरच्या मजल्यावरची नेटी विचारायची, "एफी, तुझा नवरा गोदीत जातो की पिठाच्या गिरणीत?" नेटीही खोकूनच गेली. तेव्हा तिचा आजार कुठून आला, हे कुणी विचारलं नव्हतं.

"हेक्टर," एफीने हाक मारली. "इकडे बघ."

त्याने बघितलं नाही.

"तू जिना चढायला लागलास की मला बूट ऐकू यायचे. मी धावत दारात यायची. डोक्यावरची टोपीही न काढता तू मला कवेत घ्यायचास." तिला थांबून श्वास घ्यावा लागला. "माझी आई आतून ओरडायची, अगं, पोरी, झगा खराब होईल. मी ऐकायची का?"

"एफी, नको."

"लग्नानंतरचं माझं सगळं सुख त्या दारात आहे रे. आणि तू या बाईंना सांगतोस, की तू स्वच्छ होऊन यायचास. मग मी दारात कुणाला भेटत होते?"

हेक्टरने वळून तिच्याकडे बघितलं.

"पांढरा असायचो मी," अखेर तो म्हणाला. "पापण्यांपर्यंत पांढरा. कपडे बदलायला जागा नव्हती. साधा नळ नव्हता हात धुवायला. धुळीने काही होतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

वकीलबाई भराभर लिहू लागल्या. तो बोलत राहिला, आणि कुणी विचारलं नव्हतं तेही त्याने सांगितलं.

"इस्त्रीच्या टेबलावर घालायला मी हिला त्याच अ‍ॅस्बेस्टॉसच्या कापडाचा तुकडा आणून दिला होता. जळत नाही म्हणून. नवीन संसार होता आमचा. तिला आवडेल असं वाटलं."

"आवडला होता," एफी म्हणाली.

लिहिलेल्या जबाबाखाली हेक्टरने सही केली. वकीलबाई निघाल्या. जाताना खुर्चीपाशी येऊन त्यांनी एफीचा हात दाबला.

दार लागलं. हेक्टर दारापाशीच उभा राहिला. एफीने माळ बाजूला ठेवली आणि त्याला ये म्हणून खुणावलं.

तो आला नाही. वकीलबाईंसाठी चढवलेला कोट त्याने काढून खुंटीला अडकवला. बूट दाराबाहेर ठेवले. मग मोरीपाशी जाऊन बाह्या वर केल्या आणि साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, चेहरा धुतला, मानेमागून पाणी फिरवलं. पाण्याचा आवाज खूप वेळ येत राहिला.

काही गरज नाही, असं एफी म्हणाली नाही. ती वाट बघत बसली.

मग तो तिच्याजवळ आला.