पुढची चाकं मागे

"रवी, टाक आता फोर व्हील! बिनधास्त टाक!"

माझा नवरा, कुंडलिक, व्हॅनच्या समोर चिखलात उभा राहून ओरडला. फोडलेल्या नारळाची वाटी हातात धरून मी काठावर उभी होते. आमच्या रवींद्रने आतला दांडा ओढला, आणि देवाशपथ सांगते, माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मागची चाकं पुढे धावत होती आणि पुढची मागे! व्हॅन जागच्या जागी थरथरायला लागली. चिखल मागे उडायचा तो पुढे उडाला, सगळा ह्यांच्या तोंडावर.

"जाई, तुझी गाडी सासरी चाललीय का माहेरी?" पाटीवाली तुळसा ओरडली आणि बंदरावरच्या सगळ्या बाया खिदळल्या.

मला काही हसू येईना. माझा धंदा त्या चार चाकांवर होता. ओहोटीला आमची होडी चिखलापलीकडे थांबते. जाळं माझा दीर शिवराम टाकतो, पण मासळी होडीतून उतरली की पुढचं सगळं बाईचं. पाटी डोक्यावर घ्यायची आणि चिखल तुडवत वर यायचं. पुरुषाने पाटी उचलली तर अख्खं बंदर त्याला हसतं, अशी आमची रीत. माझा गुडघा गेला आणि डॉक्टरने डोक्यावरचं ओझं बंद केलं. रवी म्हणाला, "आई, बस झालं आता. घोडबंदरला ये, फ्लॅटमध्ये आराम कर."

ह्यांनी ऐकलं आणि भडकले. "ती कुठं जाणार नाय. मी व्हॅन थेट होडीला लावतो."

मग डोंबिवलीतल्या आपल्या गॅरेजात ते त्या साध्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या व्हॅनखाली शिरले. भंगारातल्या जीपचा एक्सल आणून पुढे बसवायला घेतला. रवी म्हणाला, "पपा, आरटीओने पकडलं तर?" तर म्हणाले, "खाडीत कोण पकडतंय? चिंबोऱ्या लायसन मागणार काय?"

आणि उभ्या जन्मात पहिल्यांदाच मला गॅरेजात बोलावलं. "जाई, जवळ बस जरा. ह्याच्यावर काय लिवलंय, वाच." "ह्यातला मोठा बोल्ट कुठला गं?" मी मनात म्हणायचे, म्हातारपणी बरा लाडात आलाय! चांगली साडी नेसून जायचे मी त्या ग्रीसमध्ये बसायला.

रवी इंजिन बंद करून खाली वाकला आणि तसाच उठला. "पपा, एक्सलचा गोळा, चाकं फिरवतो तो, वरचा खाली बसवलाय! म्हणून चाकं उलटी फिरतायत. तुम्ही? तुमच्याकडून असं?"

हे मात्र चिखल पुसत हसत होते. "चारी फिरली ना गं, जाई? आवाज आला मला."

"अहो, उलटी फिरली! तुमच्या नाकासमोर फिरली. तुम्हाला दिसलं नाय?"

ह्यांचं हसणं तोंडावर तसंच राहिलं. मग हळूच म्हणाले, "गाडी नुसती पांढरी, धुरकट दिसते. चाकं नाय दिसत."

माझ्या हातातली वाटी पडली. म्हणजे ते वाच, हे बघ... अगं बाई! मी लाड समजत होते. हा माणूस चाचपून चाचपून गाडी जोडत होता आणि मी शेजारी बसून लाजत होते. राग आला, असा राग आला की दोन्ही हातांनी त्यांचा सदरा धरला.

"बोलला का नाय मला?"

"बोललो असतो तर रवीने दोघांना उचलून नेलं असतं. मग तुझा धंदा?"

रवी तोंड फिरवून उभा राहिला.

तेवढ्यात होडीतून शिवराम ओरडला, "वयनी, कोळंबी तापतेय! कोण नेतंय?"

मी पदर खोचला. ह्यांनी माझा दंड धरला आणि मागे ओढलं. पँट दुमडली आणि शिवरामच्या आवाजाच्या रोखाने चिखलात उतरले.

"शिवा, पाटी दे इकडं. डोक्यावर."

आता बंदर हसणार आणि माझा माणूस ते ऐकणार. पण कोणी हसलं नाही. तुळसा उठली, चपला काठावर काढून चिखलात गेली. आपल्या डोक्यावरची चुंबळ काढून तिने ह्यांच्या डोक्यावर नीट दाबून बसवली.

"अशी ठेवायची भाऊ, नायतर मान मोडते," ती म्हणाली.

शिवरामने पाटी चढवली. कोळंबीचं पाणी ह्यांच्या कानांवरून गळायला लागलं. मी रिकाम्या हाताने पुढे झाले, दुखरा गुडघा धरत.

"डावीकडं या. तिथं खड्डा हाय."

"तू सावकाश चाल," ते मागून म्हणाले. "गोळा उद्या सुलटा करू. तू बघ, मी बसवतो."