अकरावा फर्मा

बाइंडिंगच्या कारखान्यातली शिलाईवाली बावीस वर्षं पुस्तकं शिवत होती, आणि आजवर एकही पुस्तक तक्रार घेऊन परत आलं नव्हतं. त्यामुळे एका गिऱ्हाईक बाईंनी जाडजूड प्रेमकहाणी टेबलावर ठेवली, तेव्हा तिचा पाराच चढला.

"पुस्तक छान आहे हो," बाई म्हणाल्या, "पण दोघं मेली कशानं, तेच कळेना. ती पत्र पाठवते, आणि पान उलटावं तर हा नदीत! मागोमाग तीही."

"नशिबात होतं त्यांच्या," तिथेच उभा असलेला छापखान्यातला मुद्रितशोधक म्हणाला. सगळे त्याला काना-मात्रा म्हणत. माणूस सज्जन, एकटा. पण प्रत्येक गोष्टीचं खापर नशिबावर फोडायची भारी हौस. येत्या शनिवारी तो बहिणीकडे कायमचा राहायला निघाला होता. तेही म्हणे नशीबच. "जाऊ नका" एवढे दोन शब्द शिलाईवालीच्या जिभेवर महिनाभर घोळत होते आणि बाहेर काही पडत नव्हते.

तिनं पानांचे आकडे पाहिले. एकशे साठनंतर थेट एकशे सत्त्याहत्तर. सोळा पानांचा अख्खा फर्मा गायब!

जुळणीच्या वेळी फर्म्यांच्या चळती ओळीनं मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीवरचा एकेक उचलत पुढे सरकायचं असतं. तिचा हात दहाव्या चळतीवरून सरळ बाराव्या चळतीवर गेला होता. शेवटी उरलेला अकरावा फर्मा छापखान्यानं जास्तीचा पाठवला असेल, असं समजून तिनं फडताळात टाकला होता. तो काढून तिनं काना-मात्राच्या हातात दिला.

"वाचा."

त्यानं वाचलं. पत्र घेऊन निघालेला माणूस वाटेत तापानं फणफणला. चार दिवस धर्मशाळेत पडून राहिला. पत्र खिशातच, आणि तिकडे प्रियकराला वाटलं, तिचा नकारच आहे.

"हे तुमचं नशीब!" शिलाईवाली कडाडली. "एका माणसाला ताप आला, आणि दुसऱ्या कुणाला पाठवायचं कुणाला सुचलं नाही. नाहीतर दोघं आज नातवंडं खेळवत बसली असती!"

"पण हा फर्मा माझ्या पुस्तकातून गेला कसा?" बाईंनी विचारलं.

शिलाईवालीचा चेहरा लालबुंद झाला. "जुळणी चालली होती, तेवढ्यात हे इथे येऊन म्हणाले, मी जातोय. माझं भानच हरपलं." तिनं काना-मात्राकडे पाहिलं. "आता विचारूनच टाकते. राहाल का? माझ्यासाठी?"

बाईंनी हळूच स्टूल ओढलं. आता त्यांना घालवून देणं शक्य नव्हतं.

"मला वाटलं," काना-मात्रा चाचरला, "तुमच्या मनात असतं, तर..."

"तर काय? नशीब येऊन सांगणार होतं?"

तो हसला. इतका मोकळा हसताना तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"बहिणीला कळवायला हवं. उद्या कुणाच्या हाती निरोप..."

"निरोप-बिरोप काही नाही. फोन लावा. आत्ता. माझ्यासमोर."

त्यानं मुकाट्यानं फोन लावला.

"ताई, मी शनिवारी येत नाहीये. नाही गं, तब्येत ठणठणीत आहे. एकीनं थांबवलंय. कोण म्हणजे? थांब, तिलाच देतो."