उजवी बाजू

वांडाने आपल्या बंदुकांच्या दुकानातल्या काचेच्या टेबलावर रबरी चटई अंथरली आणि तिच्यावर तीन पिस्तुलं शेजारी शेजारी मांडली. लोर्ना त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. तिचे वडील हर्शेल टोपी हातात घेऊन मागे उभे होते आणि आपलं मत कधी विचारतात याची वाट बघत होते. कुणी विचारेना, तेव्हा त्यांनी ते आपणहून दिलं.

"यातलं एकही नको. पोरीला रिव्हॉल्व्हर दे, माझ्यासारखं. चाप ओढला की उडतं, बाकी भानगड नाही."

"तुमच्या त्या लोखंडाने तुमची पँट जन्मभर एका अंगाला घसरत आलीय, हर्शेल," वांडा म्हणाली. "आणि बाळगायचंय तिला, तुम्हाला नाही. तुम्ही मागच्या भिंतीवरच्या गळाच्या काठ्या बघा जा. नवीन आल्यात."

हर्शेल जागचे हलले नाहीत. हायवेवर पेट्रोलपंप चालवण्यात आयुष्य गेलेला माणूस, असा तसा हलणार थोडाच.

लोर्नाचा धंदा घरं विकण्याचा. डोंगरातली, ओढ्याकाठची, मालक वारल्यामुळे रिकामी पडलेली घरं ती अनोळखी माणसांना एकटीने उघडून दाखवायची. वसंतात असंच एक घर दाखवताना गिऱ्हाइकाने मागचं दार लावून घेतलं आणि दाराला पाठ टेकून तो हसत उभा राहिला. तो काही बोलला नाही, पुढेही आला नाही. लोर्ना मात्र बोलत सुटली. छप्पर, विहीर, सांडपाण्याची टाकी, तोंडाला येईल ते. मग बाहेर कुणाचा तरी ट्रक थांबला आणि तो निमूट बाजूला झाला. पोलिसांना सांगावं असं काही घडलंच नव्हतं. पण तेव्हापासून रिकाम्या घराच्या कुलपात किल्ली फिरवताना तिचे हात गार पडू लागले. नवरा लुइव्हिल शहरात गेला तो गेलाच. घरात पाच वर्षांची टेसी, आणि दोघींचं पोट याच घरांवर. भीती वाटते म्हणून घरी बसणं तिला परवडणारं नव्हतं.

सगळ्यात लहान पिस्तूल तळहाताएवढं होतं, जांभळ्या मुठीचं. लोर्नाचा हात आधी तिकडेच गेला.

"सगळ्या बायका तेच उचलतात," वांडा म्हणाली. "म्हणून तर ते जांभळं करतात मेले. चल, उडवून बघ."

दुकानामागच्या नेमबाजीच्या खोलीत लोर्नाने ते उडवलं आणि चौथ्या गोळीला अंगठ्याच्या बुडाशी अशी झिणझिणी आली की तिने ते खाली ठेवलं. वांडाने मान डोलावली. लहान पिस्तूल लपतं छान, पण हातात उसळतं. मग माणूस सराव करायचं टाळतो, आणि सराव नाही तर ते असून नसल्यासारखंच. मोठं पिस्तूल हातात शांत बसलं, पण शर्टाखालून डोकावू लागलं. मधलं मात्र जमलं. करंगळीसुद्धा मुठीवर मावली, आणि वरचा सरकता भाग तिला हिसका न देता मागे ओढता आला.

"हेच," लोर्ना म्हणाली. "मी पर्समध्ये ठेवीन."

"पर्समध्ये अजिबात नाही. पर्स तू खुर्चीवर टाकशील आणि लेक त्यात चॉकलेट शोधेल. ते अंगावर राहील, नाहीतर कुलपात. तिसरी जागा नाही." वांडाने खालच्या खणातून त्याच पिस्तुलाची निळ्या प्लास्टिकची नक्कल काढली, वजनाने तेवढीच. "आज मी तुला काही विकणार नाही. हे म्यानात घालून आठवडाभर कमरेला लाव. वाक, बस, गाडी चालव, भांडी घास. मग ये आणि सांग."

तिने स्वतःच लोर्नाच्या उजव्या कमरेला ते म्यान बसवलं. "आता मिठीचं. या गावात लोक उठसूट मिठ्या मारतात. समोरून कुणी आलं की उजवी बाजू अशी मागे वळवायची, डावा हात पुढे करायचा, थोपटायचं आणि सुटायचं. समोरच्याच्या हाताला ते लागता कामा नये." तिने करून दाखवलं. डावा खांदा पुढे, पाठीवर दोन थापा, संपलं.

लोर्ना जागच्या जागी थिजली. ही मिठी तिच्या ओळखीची होती. शाळा संपल्याच्या समारंभाला, लग्नाच्या दिवशी, आईच्या कबरीशी, दर वेळी तिला हीच मिळाली होती. डॅडी पिस्तूल बाळगतात हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं, तिलाही. पण त्याचा आणि याचा मेळ तिने कधी घातला नव्हता. आपल्या बापाला माया करताना हात आखडतो, एवढंच तिने धरून ठेवलं होतं, आणि त्याचा रागही बरीच वर्षं पोसला होता. तिने वळून पाहिलं. हर्शेल गळाच्या काठ्यांपाशी जाऊन पोचले होते आणि एका काठीची किंमत फार लक्ष देऊन वाचत होते.

घरी परतताना ट्रकमध्ये दोघं पावसापाण्याचं बोलले.

आठवडा बरा गेला, हेच लोर्नाला खटकलं. निळं प्लास्टिकच ते, पण कमरेला असलं की रिकाम्या घरात तिचे हात गार पडत नव्हते. ती गिऱ्हाइकाच्या मागे चालायला शिकली, दाराची बाजू आपल्याकडे ठेवायला शिकली. चर्चमध्ये म्हाताऱ्या बायका समोरून आल्या की तिचा डावा खांदा आपोआप पुढे व्हायचा. पाठीवर दोन थापा, संपलं. एवढ्या चटकन अंगवळणी पडलेलं पाहून तिला स्वतःचीच जराशी भीती वाटली.

शुक्रवारी ती घरी आली तेव्हा टेसी ओसरीवरून धावत सुटली. लोर्नाच्या दोन्ही हातांत किराण्याच्या पिशव्या होत्या, वळायला सवड मिळाली नाही. टेसीचं कपाळ थेट तिच्या उजव्या कमरेवर आदळलं. भुवईवर टेंगूळ आलं, थोडं रक्तही. लोर्नाने गोठवलेल्या मटारची पिशवी त्यावर धरली आणि पोरीला मांडीवर घेऊन बसली.

"तू आत दगड ठेवलायस," टेसी मुसमुसत म्हणाली. शनिवारी सकाळी ती नेहमीसारखी बिलगायला आली, पण तीन पावलांवर थांबली आणि डावीकडून वळसा घालून आली. लोर्नाच्या कमरेला तेव्हा काहीच नव्हतं.

रविवारी हर्शेलकडे जेवण असायचं. घेवड्याचं कालवण, मक्याचा पाव, कच्चा कांदा. टेसी दारातून आत आली आणि हर्शेलच्या हातातला कालवणाचा डाव तसाच राहिला.

"काय झालं गं माझ्या बाईला?"

"आईचा दगड लागला, पापॉ," टेसी आजोबांना म्हणाली.

हर्शेलनी टेसीच्या भुवईकडे पाहिलं, मग लोर्नाकडे. लोर्नाच्या उजव्या भुवईत लहानपणापासून एक पांढरी रेघ होती, तिथे केस उगवत नसत. टेबलाचा कोपरा लागला असं आईने सांगितलं होतं. टेसी कुत्र्याशी खेळायला अंगणात गेली तशी हर्शेलनी हात लांबवून ती रेघ अंगठ्याने चाचपली.

"तुलाही तिथंच लागलं होतं. एवढीशी होतीस. पंपावर धावत आलीस आणि माझ्या कमरेवर आदळलीस."

"टेबल म्हणाली होती आई."

"मीच सांगितलं होतं तिला, तसं सांग म्हणून." ते खुर्चीत बसले. "त्यानंतर मी तुला त्या बाजूला येऊच दिलं नाही. म्हटलं, डावीकडून घेत जाऊ. पुढे तू उंच झालीस, लागण्याजोगी राहिली नाहीस. पण मी तसाच वाकडा राहिलो."

"कमरेचं काढून ठेवलं असतंत तर?"

"तुझी आईपण हेच म्हणायची. पंप रस्त्यावर, घर पंपामागे. मला वाटायचं, ज्या दिवशी काढीन त्याच दिवशी कुणीतरी येईल."

"कधी आलं कुणी?"

"एकदाही नाही. ते माझ्या कमरेला होतं म्हणून आलं नाही, की तसंही येणार नव्हतं, ते मला आता कोण सांगणार, पोरी?"

लोर्नाला राग यायला हवा होता. पण तो येईना.

"मी उद्या ते मधलं घेणार आहे," ती म्हणाली. "रिकाम्या घरांत मला ते लागतं, डॅडी, खोटं कशाला बोलू. पण गाडीत कुलपाची पेटी बसवून घेतेय. फाटकातून आत यायच्या आधी ते पेटीत जाईल."

"रोज घाल, रोज काढ. त्यातच माणसं चुकतात. वांडा ओरडेल."

"ओरडू दे. न चुकता काढायचं तिच्याकडूनच शिकेन." लोर्ना उठली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. "आता तुमचं काढा."

"आत्ता? कशाला?"

"काढा म्हणते ना."

हर्शेल कुरकुरत उठले. आतल्या खोलीत कपाटाचं दार वाजलं, मग किल्ली फिरल्याचा आवाज. ते परत आले तेव्हा पँट दोन्ही अंगांना सारखी होती आणि त्यांना चालताना अवघडल्यासारखं होत होतं. लोर्ना सरळ समोरून पुढे गेली. त्यांचा डावा खांदा सवयीने पुढे आला. तिने तो दोन्ही हातांनी धरून मागे सारला आणि त्यांच्या छातीवर डोकं टेकलं. डावा हात तिच्या पाठीवर आला, त्याने दोन वेळा थोपटलं आणि तो सुटायला निघाला. ती सुटली नाही. उजवा हात मात्र नुसताच लोंबत होता, कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना. लोर्नाने तो मनगटाला धरून आपल्या पाठीवर नेऊन ठेवला. मग तो तिथेच राहिला.