सरळ केलेली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि मला राग आला आहे.

अशी सुरुवात करायची नसते, हे मला ठाऊक आहे. आम्हा वस्तूंनी आधी आपला जन्म सांगायचा, मग उमेदीचे दिवस, मग कौतुक, मग हालअपेष्टा, आणि शेवटी हळू आवाजात 'आम्हाला सांभाळा' म्हणायचं. फळा असंच सांगतो. छत्रीही असंच सांगते. मीही तसं सांगून बघते. जमेल तिथवर.

जन्म.

एका कॉलेजच्या मोठ्या वर्गासाठी खुर्च्या करायच्या होत्या. लोखंडी पाय, लाकडी बैठक आणि बसणाऱ्याच्या उजव्या हाताला लिहायची फळी. सुतारकाकांनी नमुन्याची खुर्ची समोर ठेवली आणि तिच्याकडे तोंड करून मापं घेतली. समोरून पाहिलं की खुर्चीचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. काकांनी 'फळी डावीकडे, फळी डावीकडे' असं घोकत पहिली खुर्ची जोडली. ती मी. मग ते माझ्यात बसले, हात फळीवर ठेवायला गेले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. बाकीच्या सगळ्या खुर्च्या त्यांनी बरोबर केल्या. मला पुन्हा खोलायचा त्यांना कंटाळा आला. त्या कंटाळ्यातून मी जगात आले.

उमेदीचे दिवस.

पहिल्याच दिवशी मुलांनी माझं नाव ठेवलं, 'उलटी'. मग काय विचारता! "अरे, मागच्या रांगेत उलटी आहे, जपून बस." "सर, इथे उलटी झालीय, मी पुढे येऊ का?" सगळा वर्ग हसायचा. सरसुद्धा हसायचे. मला ढकलत ढकलत शेवटच्या रांगेच्या टोकाला नेलं, आणि माझ्यावर दप्तरं, हेल्मेटं, ओल्या छत्र्या, कुणाचा तरी हरवलेला स्वेटर असा संसार रचला गेला.

तिथून मी कॉलेज पाहिलं. पहिल्या वर्षाची मुलं नव्या कपड्यांत येतात आणि पुढच्या जागांसाठी धावतात. दिवाळं निघाल्यासारखी तीच मुलं पुढच्या वर्षी मागे येऊन बसतात. एकच मुलगा आवाज बदलून दोघा मित्रांसाठी 'हजर' म्हणतो आणि स्वतःच्या नावाला गप्प राहतो, कारण तेव्हा तो फोन बघत असतो. जेवणानंतरच्या तासाला कुणी डोळे उघडे ठेवून झोपतं. कुणी करकटकाने माझ्या बहिणींच्या फळ्यांवर नावं कोरतं, आणि पुढल्या वर्षी तेच नाव खोडायला येतं. शेवटच्या वर्षाला सगळे एकमेकांना एकच गोष्ट विचारतात, 'पुढे काय?', आणि उत्तर येण्याआधी दुसरीकडे बघतात.

माझ्या फळीवर कुणी काही कोरलं नाही. तेवढीही गरज कुणाला वाटली नाही.

कौतुक.

(हा परिच्छेद बरीच वर्षं कोरा होता. मग ती आली.)

तिला सगळे 'शाई' म्हणायचे. ती डाव्या हाताने लिहायची. आपली अक्षरं डावीकडून उजवीकडे धावतात. तिचा हात त्यांच्या मागून, ओल्या शाईवरून घसरत जायचा. त्यामुळे तिच्या डाव्या तळव्याची कड कायम निळी. तिची मैत्रीण होती, तिचं टोपणनाव 'गोंगाट'. का, ते सांगायला नको.

शाईचं पहिलं वर्ष दुसऱ्या इमारतीत गेलं होतं. तिथे सगळ्या सरळ खुर्च्या. उजवीकडच्या फळीवर डाव्या हाताने लिहायचं तर कंबर पिळावी लागते, खांदा वर उचलावा लागतो आणि कोपर हवेत राहतं. तुम्ही करून बघा. आत्ताच बघा. हं. आता असेच तीन तास बसा आणि संख्याशास्त्राचा पेपर सोडवा.

तिचा तोच पेपर राहिला होता. येत नव्हतं म्हणून नाही. शेवटचा मोठा प्रश्न लिहायला हात पोचलाच नव्हता.

दुसऱ्या वर्षी ती या वर्गात आली. त्या दिवशी बसायला जागा नव्हती, म्हणून तिने माझ्यावरचा पसारा खाली ठेवला, बसली आणि एकदम ओरडली.

"अगं! अगं, हिला इकडून हात आहे!"

"त्यात काय एवढं?" गोंगाट म्हणाली. "उलटी आहे ती."

"उलटी नाही गं. माझी आहे."

मित्रांनो, लाकडाला शहारा येत नाही. पण कधी ना कधी कुणी येईल, कोपर टेकवेल आणि सुस्कारा टाकेल, एवढ्यासाठीच आम्ही खुर्च्या असतो. शाईने तो सुस्कारा टाकला. त्या वर्षी ती रोज माझ्यात बसली. दुपारी पाय वर घेऊन माझ्यात डबा खाल्ला. फळीवर डोकं ठेवून एकदा खूप रडलीही. त्या दिवशी मी तिच्या घरची गोष्ट ऐकली.

"बाबा म्हणालेत, यंदा तो पेपर निघाला नाही तर पुढच्या वर्गात प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही तर सरळ घरी बस."

"मग बस की," गोंगाट तिला हसवायला म्हणाली. "निदान तुमचा सोफा तरी मऊ आहे."

"गंमत बघ ना," शाई नाक पुसत म्हणाली. "कॉलेजात नीट बसता येत नाही, म्हणून घरी बस म्हणतात."

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. अजूनही येत नाही.

आता पुढचं.

पुढचं शीर्षक 'हालअपेष्टा' असं असायला हवं. तो शब्द मला चालत नाही. हालअपेष्टा म्हटलं की असं वाटतं, ऊन पडलं, गंज चढला, वाळवी लागली, कुणाचाच दोष नाही. इथे दोष होता. इथे माणसं होती, आणि ती चांगल्या मनाने वागली. मला सर्वांत जास्त राग त्याचाच आहे.

परीक्षा याच वर्गात होणार होती. शाई परीक्षाप्रमुखांकडे गेली. मुलं त्यांना 'सूचना सर' म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'एक सूचना आहे' असं सुरू व्हायचं. ते तेव्हा वर्गातच रांगा मोजत होते.

"सर, परीक्षेला मला ती मागची खुर्ची मिळेल का?"

"कोणती?"

"ती. टोकाची."

"का? तीच का?"

"मला तिच्यात लिहिता येतं, सर."

एवढंच म्हणाली ती. डावा हात मागे धरून उभी होती. निळी कड दिसू नये म्हणून. शाळेत त्या हातावर पट्ट्या खाल्ल्या होत्या तिने. अशी मुलं मागायला गेली की अर्धंच मागतात.

"एक सूचना आहे," सर म्हणाले. "परीक्षेत खास वागणूक कुणालाच नाही. पण लकी खुर्ची असते एकेकाची, मी समजू शकतो. मलाही एक पेन लागायचं. बघू."

आणि त्यांनी खरंच बघितलं! विसरले असते तर बरं झालं असतं. पण सर शब्दाचे पक्के. त्यांनी शाईचा आसनक्रमांक माझ्यावर चिकटवायला सांगितला. चिकटवताना माझी फळी रांगेबाहेर, चालायच्या वाटेत आलेली त्यांना दिसली.

"ही अशी का? हिला सरळ करून टाका."

सुतारकाका आले. तेच. केस पांढरे झाले होते. मला बघताच ओळखीचं हसले. "सर, ही माझीच चूक बघा. इतकी वर्षं मनात खुपत होती." चार बोल्ट काढले, फळी उचलली, उजवीकडे नवी भोकं पाडली, पान्याने आवळलं. भुसा फुंकला. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "झालीस बघ माणसात."

माणसात! इतक्या वर्षांत मी एकाच माणसाच्या कामाला आले होते, आणि त्याच माणसातून मला काढलं त्यांनी.

मी ओरडले नाही. मला तोंड नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

पेपरचा दिवस. शाई आली ती खुशीत. दारावरच्या यादीत तिने आपला क्रमांक बघितला होता, माझ्याच जागेवरचा. "सरांनी ऐकलं गं!" असं गोंगाटला सांगत ती धावत आली, बसली, आणि डावं कोपर टेकवायला गेली.

कोपर हवेत गेलं.

ती एका बाजूला कलंडली. सावरली. खाली वाकून बघितलं. जुन्या भोकांवरून बोट फिरवलं. मग त्या भोकांवर तिने तळवा दाबून धरला, आणि मी

नाही. सांगते. थांबा.

"सर," ती म्हणाली. "हिची फळी..."

"हो, दिलीय ना तुला तीच खुर्ची?" सूचना सर हसले. "शिवाय दुरुस्त करून दिलीय. आता शांत बसून पेपर लिही."

"सर, मी डावखुरी आहे."

सरांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मग ते हळूच म्हणाले, "अगं, मग तसं सांगायचं नाही का आधी?"

हे मला अजून गिळता आलेलं नाही. वर्षभर त्यांच्याच तासाला ती त्यांच्यासमोर डाव्या हाताने लिहीत होती. बघायचं काम कुणाचं? सांगायचं मात्र तिनेच.

"दुसरी तशी आहे का, सर?"

"आता कुठून आणू? पेपर वाटायचे आहेत. आजच्या दिवस अ‍ॅडजस्ट कर."

शाई उभी राहिली. मला वाटलं, चालली ही. घरी बसायला चालली. पण तिने मला धरून गर्रकन फिरवलं, स्वतः खाली फरशीवर गुडघे टेकले आणि उत्तरपत्रिका माझ्या बैठकीवर ठेवली.

"हे काय? ऊठ. असं चालत नाही."

"कुठल्या नियमात, सर?"

"प्रत्येकाने आपल्या जागेवर बसायचं असतं."

"मी माझ्या जागेवरच आहे. हा बघा क्रमांक." तिने माझ्या पाठीवरचा कागद दाखवला. आवाज चढला होता. तिचा असा आवाज मी प्रथमच ऐकला. "आणि अ‍ॅडजस्ट म्हणालात ना? तेच करतेय."

गोंगाट आपल्या जागेवरून गरजली, "सर, तिला लिहू द्या ना! आमचाही वेळ जातोय!" आणि मागून दोन-चार आवाज आले, "हो सर, लिहू द्या." तेच आवाज, मित्रांनो, जे मला बघून 'उलटी' म्हणत हसायचे. मला त्यांचाही राग होता. तेवढ्यापुरता तो गिळला.

सरांनी पेपर दिला.

तिने कडक फरशीवर गुडघे टेकून पूर्ण पेपर लिहिला. माझी बैठक रुंद होती, हात ओळीच्या खालून चालत होता. अधूनमधून ती एक गुडघा उचलायची, दुसऱ्यावर भार घ्यायची, ओठ चावायची. तिचं पेन माझ्या लाकडावर ठक ठक करत होतं. प्रत्येक टिंबाला एक. शेवटचा मोठा प्रश्न तिने सोडवला. त्याच्या उत्तराखाली रेघ मारली, तीही दोनदा. उठताना पाय बधिर झाले होते. तिने माझी पाठ धरली, आणि मग बराच वेळ सोडली नाही.

पेपर निघाला. चांगल्या गुणांनी निघाला. निकालाच्या दिवशी दोघी रिकाम्या वर्गात आल्या. गोंगाट नाचत होती.

"झालीस ना पास? मग ते तोंड का असं? सोड ना आता तो विषय."

शाई माझ्या फळीकडे बघत होती. "पास मी झाले. ही अजून तशीच आहे."

ती सूचना सरांकडे गेली. फळी पुन्हा डावीकडे लावून द्या, म्हणाली. या वेळी पूर्ण मागितलं, कारणासकट, डावा हात पुढे करून. सर म्हणाले, आता पुढच्या वर्षी बघू. मग तिचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर गेला. ती मधूनमधून येऊन विचारून जाते. सर मधूनमधून 'बघू' म्हणतात.

आता शेवट. इथे मी म्हणायला हवं, मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंवर प्रेम करा, आम्हाला पुसा, आमच्यावर नावं कोरू नका. कोरा खुशाल. मला तुमच्या फडक्याची काही पडलेली नाही.

कालपासून माझ्यात एक नवा मुलगा बसतोय. पहिल्या दिवसाचे कडक इस्त्रीचे कपडे. त्याने पिशवीतून पेन काढलं, डाव्या हातात धरलं, उजवीकडच्या फळीकडे बघितलं, आणि काही न बोलता, सवयीने, कंबर पिळून लिहायला लागला. शेजारचा त्याला खेटून बसला आहे. त्याने बघितलंसुद्धा.

शेजारच्या मुला, तुला तोंड आहे. आणि खालच्या वर्कशॉपमध्ये बोल्टचा पाना मिळतो. ऊठ.